परतलेला उजेड

गुरुवारी सकाळी माझ्या भावाचं श्वासाचं यंत्र काढायचं, असं आम्ही सोमवारी दुपारी ठरवलं. आम्ही म्हणजे मी आणि भावाचा मुलगा केदार. भावाची बायको सुवर्णा समोरच बसली होती. "तुम्ही दोघं काय ठरवायचं ते ठरवा, मी हो म्हणणार नाही," एवढं बोलून ती उठली आणि नवऱ्याच्या ओठांना तूप लावायला आत निघून गेली.

मला राग आला. खोटं कशाला सांगू? मी गिरिजा आवटी, विट्याच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. वर्गात एखादं पोरगं "बाई, मला वाटतं..." असं म्हणालं की मी म्हणायची, "वाटतंय होय? मग मोजून बघ." आणि इथं माझीच भावजय इतके महिने एकच घोकत बसली होती, "वन्सं, त्यांना ऐकू येतंय. मला वाटतं." अगं बाई, मोजून झालं होतं. एकदा नव्हे, तीनदा.

भावाचं नाव चंद्रशेखर शेटे. घरात आम्ही त्याला बाबू म्हणतो, गावात तो अण्णा. विट्याच्या बसस्थानकामागं त्याचं काचेचं दुकान. दिवाळीच्या आधी दुकानातच, काच कापता कापता तो खाली बसला तो उठलाच नाही. मेंदूच्या देठात रक्तस्राव. मेंदूकडून शरीराकडं जाणाऱ्या सगळ्या तारा या देठातून जातात. त्या तुटल्या की वरचा मेंदू धडधाकट असला तरी बोट हलवता येत नाही, पापणी मिटता येत नाही, श्वाससुद्धा यंत्रानं द्यावा लागतो. आणि वरचा मेंदू गेलेला असला तरी माणूस असाच पडून राहतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. बाबू आत आहे की नाही, एवढाच प्रश्न होता आणि सगळं त्यावर अडलं होतं.

ते बघायला मिरजेच्या एका इस्पितळात नवं यंत्र आलं होतं, म्हणून आम्ही त्याला तिथं आणलं. यंत्राला भलंमोठं शास्त्रीय नाव आहे. पण दिसायला ते तान्ह्या बाळाच्या टोपड्यासारखं, कानांवरून खाली येऊन हनुवटीशी बांधायचं. आम्ही टोपडं म्हणायला लागलो, आमचं ऐकून नर्साही तेच म्हणायला लागल्या.

टोपडं कसं चालतं ते नीट सांगते. सवय आहे मला, आणि पुढचं सगळं त्यावर आहे.

अंधारात तळहाताखाली टॉर्च धरा. हात लालभडक दिसतो. म्हणजे उजेड आत शिरतो आणि त्यातला तांबडा भाग पलीकडं बाहेरही पडतो. मग आतली हाडं का दिसत नाहीत? कारण उजेड सरळ येत नाही. मांसातल्या पेशी, चरबी, पाणी, जिथं जिथं पदार्थ बदलतो तिथं तो वळतो, पुन्हा वळतो, वाट चुकतो. याला पुस्तकात विकिरण म्हणतात. दुधाच्या ग्लासातून पलीकडचं बोट दिसत नाही ते यामुळंच. दूध उजेड पिऊन टाकत नाही, त्याला फक्त भरकटवतं. तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड तर कवटीतूनही आत जातो, मेंदूत भरकटतो आणि थोडासा परत बाहेर येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडं ताजं रक्त धावतं. ताजं रक्त आणि वापरलेलं रक्त हा उजेड कमीजास्त शोषतात. म्हणजे परत आलेल्या उजेडात आतली बातमी असते. पण ती इतकी वळणं घेऊन येते की कुठून निघाली तेच कळत नाही.

शोध लागला तो इथं. हाडातलं हे भरकटणं म्हणजे नुसता गोंधळ, असं आधी सगळे समजत होते. पुण्यातल्या काही तरुण मंडळींनी दाखवून दिलं की त्यालाही रीत आहे. प्रत्येकाची कवटी उजेडाला आपल्या ठरलेल्या रीतीनं वळवते, आज जशी तशीच उद्या. ती रीत एकदा मोजून घेतली की गणित उलटं फिरवायचं आणि उजेड निघाला होता तिथं जाऊन पोचायचं. बाबूच्या दुकानात न्हाणीघराच्या खिडकीची खरखरीत काच असते. तिच्यातून पलीकडचं दिसत नाही. तिच्यावर पाणी मारलं की खड्डे भरतात आणि आरपार दिसायला लागतं. टोपडं कवटीवर तसंच पाणी मारतं, गणिताचं.

चाचणी अगदी साधी. रुग्णाच्या सगळ्यात जवळच्या माणसानं त्याचं नाव घेऊन हाक मारायची. मधून मधून त्याच आवाजात दुसऱ्यांची नावं. आपलं नाव कानावर पडलं की माणसाचा मेंदू उसळतो, झोपेतसुद्धा. परक्या नावाला तशी उसळी येत नाही. दोन्हींत फरक दिसला तर माणूस आत आहे. सुवर्णानं आवाज दिला होता. चंद्रशेखर, दत्तात्रय, विश्वनाथ, पुन्हा चंद्रशेखर. तिन्ही खेपेला आलेख सारखाच आला. आवाज पोचत होता, पण स्वतःचं नाव आणि दत्तात्रय यात बाबूला काही फरक नव्हता.

डॉक्टर निलोफर मुजावर, मिरजेचीच मुलगी, तिशीची, अगदी शांत. ती मला म्हणाली, "बाई, ऐकू येणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. हे ओळखत नाहीत."

केदार बेंगळुरूहून आला होता. तो रडत म्हणाला, "आत्या, आत कोणी नसेल तर आपण हे शरीर कुणासाठी टोचत बसलोय?" बरोबर होतं त्याचं. मी त्याच्या बाजूनं झाले.

*

मंगळवारी मी सुवर्णाला ओढतच खाली कँटीनला नेलं. उप्पीट मागवलं. ती नुसती चमचा फिरवत होती.

"खा गं. तू आडवी पडलीस तर मी कुणाकुणाकडं बघू?"

"भूक नाही वन्सं."

"सुवर्णा, एक विचारू? रागावू नकोस. ती नावं म्हटलीस तेव्हा नीट जीव लावून म्हटलीस ना?"

"जीव कसला लावायचा? लाजेनं मेले मी."

"लाज? नवऱ्याला हाक मारायची लाज?"

"हाक कुठली? ती पोरगी म्हणाली, मोठ्यानं म्हणा, चंद्रशेखर. मी म्हटलं. रेशनच्या दुकानात पुकारतात तसं म्हटलं. माझंच मला वाटलं, ही कोण बाई कुणाला बोलावतेय!"

"म्हणजे तू कधीच..."

"लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. तेही तुम्हीच दार अडवून उभ्या राहिलात म्हणून." ती एवढ्यातही किंचित हसली.

मी मात्र हसले नाही. घास हातातच राहिला. चंद्रशेखर कोण म्हणतं त्याला? आईवडील बाबू म्हणत, ते आता नाहीत. मीही बाबूच म्हणते. गाव अण्णा म्हणतं, केदार पप्पा म्हणतो, शाळेतले मास्तर शेटे म्हणायचे. चंद्रशेखर म्हणणारी माणसं जगात दोनच ठिकाणी, एक बँकेत आणि एक इस्पितळात. आणि सुवर्णाच्या आवाजात तर त्यानं ते नाव संसारात कधी ऐकलंच नव्हतं. मोजलं होतं अगदी बरोबर, पण मोजलं होतं ते भलतंच.

"मग म्हणतेस काय त्याला?"

"काय म्हणणार? अहो म्हणते."

"म्हण बघू."

"इथं? लोक बघताहेत वन्सं!"

मी बिल तसंच ठेवून वर पळाले. या वयात जिना पळत चढले, गुडघे नंतर आठवडाभर बोलत होते.

डॉक्टर मुजावरनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बाई, पण अहो हे नाव नाही. नर्सा मलाही अहो डॉक्टर म्हणतात. त्या शब्दाला मेंदू उसळला तरी यांनी ओळखलं असं मी कसं म्हणू? तुलना कशाशी करू?"

"दुसऱ्या बायकांच्या अहोशी कर," मी म्हटलं. "शब्द तोच, बाई वेगळी."

 ती कपाळावर हात मारून म्हणाली, "आमची अम्मी अब्बांना अजून निलोफरके अब्बा म्हणते. बाई, हे मला सुचायला नको होतं?"

"तुझं काय चुकलं? बायको नवऱ्याला ए समीर म्हणते अशा घरातल्या पोरांनी केलेली चाचणी ही. त्यांना काय ठाऊक आमची नाटकं!"

असे निर्णय मंजूर करणाऱ्या इस्पितळाच्या समितीकडून तिनं गुरुवार पुढं ढकलून घेतला.

*

बुधवारी सकाळी आम्ही इस्पितळाच्या बाहेरच्या दालनात बायका गोळा करत फिरलो. कुणाचा सासरा आत, कुणाचा मुलगा. त्यांना सांगायचं, मावशी, जरा आत या आणि घरी नवऱ्याला हाक मारता तशी मारा. आधी सगळ्या लाजल्या, मग रांगच लागली.

काय एकेक अहो! जतच्या एका बाईचा अहो असा, की ऐकून दालनातला एक अनोळखी माणूस उठून उभा राहिला. एकीचा इतका हळू, की तिला तीनदा म्हणायला लावलं. अथणीची एक म्हणाली, "आम्ही कानडीत अहोला री म्हणतो, चालेल का?" तिला म्हटलं, बाई, छान आहे, पण आज नको. एक तरुण नर्स म्हणाली, "मी त्याला ए सुमित म्हणते. अहो म्हटलं तर तो मलाच डॉक्टरला दाखवायला घेऊन येईल." कवठेमहांकाळची एक म्हातारी लेकासाठी आली होती, तिचा नवरा जाऊन किती वर्षं झाली कुणास ठाऊक. तिनं अहो म्हटलं आणि सवयीनं दाराकडं बघितलं. मग पदर तोंडाला लावून निघून गेली. तिचा आवाज आम्ही ठेवला. माझाही घेतला. वर्गावर खेकसल्यासारखा आला, सगळ्या खिदळल्या.

शेवटी सुवर्णा. तिचं तोंडच उघडेना. मी म्हटलं, "अगं, समज तो कपाटात मोजे शोधतोय आणि मोजे त्याच्या समोरच आहेत." ती पटकन म्हणाली, "अहो!" झालं काम.

दुपारी बाबूला टोपडं बांधलं. आम्ही शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसलो. एकेक आवाज त्याच्या कानात जायला लागला, कुठला आधी कुठला नंतर ते यंत्रच ठरवत होतं. जतचा अहो, रेष थोडी वर जाऊन खाली आली. माझा अहो, तसंच. म्हातारीचा, तसंच. मग सुवर्णाचा. रेष वर गेली आणि वरच राहिली. पुन्हा दुसऱ्या चार बायका, रेष खाली. पुन्हा सुवर्णा, रेष वर. डॉक्टर मुजावरनं क्रम बदलला, आवाज लहान केला, मोठा केला. दर वेळेला तेच झालं.

मग मी बाबू अशी हाक मारली आणि दुसऱ्या बायकांनीही मारली. माझ्या हाकेलाही उसळी आली, पण सुवर्णाच्या निम्मी. मला जरा लागलंच ते.

डॉक्टर मुजावर खुर्चीत मागं टेकली. "हे आत आहेत," ती म्हणाली. "अगदी व्यवस्थित आत आहेत."

सुवर्णा रडली नाही. भडकली. "मी काय सांगत होते? किती दिवस सांगत होते?" मला, केदारला, डॉक्टरला, सगळ्यांना बोलून झाल्यावर ती आत गेली आणि नवऱ्याच्या उशाशी बसून म्हणाली, "अहो, तीनदा नापास झालात की! एवढं कुणी फळ्यावर लिहून द्यायचं होतं का?" आणि मग तिला रडू फुटलं. मलाही फुटलं. मी दारात उभी राहून ढसाढसा रडले.

*

तो आनंद आम्हाला फार दिवस पुरला नाही. डॉक्टरनं दोघींना बोलावून सांगितलं, नव्या कायद्यानं रुग्ण शुद्धीत असेल तर त्याच्याबद्दल दुसऱ्या कुणाला ठरवता येत नाही. त्यालाच विचारावं लागतं. देठातल्या तारा परत जुळणार नाहीत. तो असाच राहणार, यंत्रावर, काही न हलवता, पण जागा. असं राहायचं का, हे त्यालाच विचारायचं. वेगवेगळ्या दिवशी तीनदा. तिन्ही उत्तरं जुळली तर ते त्याचं उत्तर. नाही जुळली तर पुन्हा पहिल्यापासून.

"विचारायचं कुणी?" सुवर्णानं विचारलं.

"तुम्ही. तुमच्या आवाजाला सगळ्यात स्पष्ट उत्तर येतं."

उत्तर द्यायची रीत ठरली आणि सुवर्णानं ती बाबूला समजावून सांगितली. हो असेल तर बाबूनं मनातल्या मनात काच कापायची. हिऱ्याची लेखणी पट्टीला लावून ओढायची, मग तुकडा तोडायचा. हाताचं काम मनात आणलं तरी मेंदूतला हाताचा भाग जागा होतो. नाही असेल तर मनानं दुकानातून घरापर्यंत चालत जायचं. वाट आठवणारा भाग मेंदूत दुसरीकडं आहे. दोन्ही ठिकाणांहून परत येणारा उजेड टोपड्याला वेगवेगळा ओळखता येतो.

"अहो, आपलं दुकान विट्यात आहे का?" सुवर्णानं विचारलं. बाबूनं काच कापली. "पुण्यात आहे का?" बाबू चालत घरी गेला. केदार टाळ्या वाजवायला लागला. "अहो, कुठं दुखतंय का?" काच. पाय? वाट. मान? वाट. कंबर? काच, काच. नर्सनं त्याला कुशीवर वळवलं, तर कमरेखाली नळीचं एक प्लास्टिकचं टोपण रुतलेलं होतं, कधीपासून कोण जाणे. कातडीत वळ उमटला होता. सुवर्णानं ते टोपण भिंतीवर फेकून मारलं.

दुसऱ्या दिवशी खरा प्रश्न. डॉक्टरनं शब्द ठरवून दिले होते. सुवर्णानं त्याच्या हातावर हात ठेवला.

"अहो, श्वासाचं हे यंत्र चालू ठेवायचं का?"

थोडा वेळ काहीच नाही. मग बाबू दुकानातून निघाला आणि चालत घरी गेला.

सुवर्णा आमच्याकडं वळली. पडदा तिला दिसत नव्हता, पण आमची तोंडं दिसत होती.  केदार उठून बाहेर गेला.

दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. पुन्हा वाट.

त्या दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा खोलीचं दार अर्धं उघडं होतं. सुवर्णा त्याच्याशी बोलत होती. "दुकान मी उघडते. केदारचं लग्न व्हायचंय. मी घरी जाऊन कुणाशी भांडू सांगा. तुम्ही काही करू नका, नुसते असा. रोज येते, पेपर वाचून दाखवते, कंबर बघते, काही रुतू देत नाही. अहो, एवढं माझ्यासाठी करा." मी डबा बाहेरच्या बाकावर ठेवला आणि तिथंच बसून राहिले. मीही तेच मागत होते मनात. आता कुठं तो सापडला होता.

तिसऱ्या खेपेला तिनं प्रश्न विचारायचा अवकाश, बाबूनं काच कापली. डॉक्टरनं पुन्हा विचारायला सांगितलं. पुन्हा काच, जोरात. केदारनं आईला मिठी मारली. सुवर्णा हसली, रडली, त्याच्या कपाळाला हात लावून आली. मी देवाला हात जोडले. मी, बरं का!

"उत्तरं जुळली नाहीत," डॉक्टर म्हणाली. "म्हणजे सोमवारपासून पुन्हा तीनदा. पण मन बदललंय, हे चांगलंच आहे."

संध्याकाळी आमच्या भाड्याच्या खोलीत सुवर्णा भाकरी करत होती. एकाएकी तवा उतरवून माझ्यासमोर येऊन बसली.

"वन्सं, घराला गुलाबी रंग कुणी लावला?"

"बाबूनं. का गं?"

"मी म्हटलं म्हणून लावला. त्यांना गुलाबी रंग बघवत नाही. मला तीन वर्षांनी कळलं, तेही रंगाऱ्याकडून. लग्न झाल्यापासून या माणसानं मला कधी नाही म्हटलेलं नाही. मी तोंड उघडायचं आणि त्यांनी हो म्हणायचं."

"अगं, मन बदलतं माणसाचं. डॉक्टरही म्हणाली."

"बदललं नाही. मी मागितलं, त्यांनी दिलं." तिनं पिठाचे हात पदराला पुसले. "यंत्र हो की नाही एवढं सांगतं. कुणासाठी हो, ते नाही सांगत."

 विज्ञानाची बाई मी, आणि हे मोजायचं कसं ते मला ठाऊक नव्हतं. मी चिडून म्हटलं, "मग तुला काय हवंय? त्यानं नाही म्हणावं असं वाटतंय तुला?"

"मला ते हवेत वन्सं! मला ते कसेही हवेत!" ती ओरडलीच. मग हळू म्हणाली, "सोमवारी तुम्ही विचारा. तुमची हाक त्यांना कळते. मी खाली जाऊन बसेन. त्यांना सांगा, सुवर्णा इथं नाहीये. तिला कुणी काही सांगणार नाही, तुला काय हवं ते बोल."

*

डॉक्टर मुजावरनं परवानगी दिली. सोमवारी सुवर्णानं नवऱ्याची दाढी केली, त्याला पावडर लावली आणि जिना उतरून खाली गेली. मी तिच्या खुर्चीत बसले.

"बाबू, मी अक्का. सुवर्णा खाली गेलीय. ती दाराशीही नाही, मी बघून आले. आता तुला काय हवं ते सांग, माझ्यासाठी नको, तिच्यासाठी नको." मी घोटभर पाणी प्याले. "बाबू, श्वासाचं यंत्र चालू ठेवायचं का?"

काच काप, काच काप रे, असं माझ्या मनात चाललं होतं. पण मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. हातसुद्धा त्याच्या हातावर ठेवला नाही, उगाच त्याला काही कळायला नको म्हणून.

बाबू दुकानातून निघाला. चालत घरी गेला. डॉक्टर म्हणाली, या वेळेला तर जरासुद्धा थांबले नाहीत.

बुधवारी सुवर्णा पुन्हा खाली गेली. पुन्हा वाट. शुक्रवारीही तेच.

शुक्रवारी उत्तर आल्यावर मी त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हटलं, "कळलं रे बाबू. कळलं." मग खाली उतरले. सुवर्णा कँटीनमधे कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. समोरच्या चहावर साय धरली होती.  मी तिच्यासमोर बसले.

"नाहीच म्हणाले ना?"

मी मान हलवली.

"मला माहीत होतं वन्सं. म्हणून तर खाली आले."

 कँटीनचा पोऱ्या कप उचलायला आला तशी ती उठली, तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं.

"कधी करायचं म्हणाली डॉक्टर?"

"उद्या. केदार बेंगळुरूहून परत येतोय रात्रीपर्यंत."

"बरं. मग मी वर जाते," ती म्हणाली. "आता विचारायचं काही राहिलं नाही. नुसती बसते त्यांच्याजवळ."